पोकळीची ऊब आणि तिचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. त्यावर आम्ही पुष्कळ बोललो आहोत आणि पुढेही बोलू. आज मात्र आम्ही रिकाम्या जागेबद्दल बोलणार आहोत. शाळा आम्ही नववीत सोडली. पदार्थविज्ञान जे काही कळले ते नगरवाचनालयाच्या बाकावर, आणि युनियनच्या कचेरीत रात्री वर्गणीच्या पावत्या लिहून झाल्यावर. तेव्हा आमच्या बोलण्यात पंडिताचा अधिकार कोणी शोधू नये. हिशेब तपासण्याची सवय मात्र आम्हांस तीस वर्षांची आहे. आणि आजचा विषय, वरून कितीही दूरचा वाटला तरी, शेवटी हिशेबाचाच आहे.

विषय असा. एक जागा अगदी रिकामी आहे अशी कल्पना करा. हवा नाही, धूळ नाही, प्रकाश नाही, उष्णता नाही. तेथे एक मनुष्य उष्णतामापक घेऊन स्वस्थ तरंगत आहे. त्याचा मापक शून्य दाखवतो. हे शून्य बर्फाचे नव्हे. बर्फाच्याही खाली २७३ अंशांवर जे ‘केवल शून्य’ आहे, ते. आता दुसरा एक मनुष्य तसाच मापक घेऊन त्याच रिकाम्या जागेतून चालला आहे, आणि त्याचा वेग क्षणोक्षणी सारख्या प्रमाणात वाढतो आहे. पुंजभौतिकी असे सांगते, की या दुसऱ्याचा मापक शून्यावर राहणार नाही. त्याला तीच रिकामी जागा उबदार लागेल. यास ‘अन्रू परिणाम’ असे नाव आहे.

वाचनालयाच्या कट्ट्यावर आम्ही हा विषय काढला, तेव्हा एकाच संध्याकाळी दोन उद्गार ऐकले. एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे जग पाहणाऱ्यावर अवलंबून आहे. सगळी मायाच म्हणा ना!” दुसरे म्हणाले, “म्हणजे पोकळीतून फुकट उष्णता मिळते. मग कोळसा जाळायचा कशाला?” दोघेही सज्जन होते, आणि आमच्या मते दोघेही चुकत होते. ते कोठे चुकत होते हे दाखवणे एवढाच आजचा हेतू आहे. हेतू लहान असला तरी क्षुल्लक नाही. खरे-खोटे ज्याच्या त्याच्या नजरेवर अवलंबून आहे असे एकदा ठरले, की नुकसान नेहमी दुबळ्याचे होते, हे आम्ही बऱ्याच चौकश्यांत पाहिले आहे.

भट्टीचा रंग

प्रथम ऊब म्हणजे काय ते पाहू. कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यांत आमचे अर्धे आयुष्य गेले. भट्टीवरचा जुना माणूस मापकाकडे न पाहता केवळ रंगावरून रस कितपत तापला ते सांगतो. लाल, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरा. यात गंमत अशी, की हा रंग धातूच्या जातीवर फारसा अवलंबून नसतो. तो मुख्यतः उष्णतामानावर अवलंबून असतो. तापलेल्या भट्टीला लहानसे भोक ठेवले, तर त्यातून बाहेर येणारा प्रकाश आत लोखंड आहे की वीट आहे हे मुळीच सांगत नाही. तो फक्त उष्णतामान सांगतो. किरखोफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ साली हे ओळखले, आणि १९०० साली बर्लिनमध्ये माक्स प्लांकने त्या प्रकाशातील रंगांचे नेमके प्रमाण सूत्रात बसवले. पुंजभौतिकीचा जन्म या भट्टीच्या भोकाजवळ झाला, असे म्हटले तरी चालेल. अशा प्रकाशाला औष्णिक प्रारण म्हणतात. कोठेही प्लांकच्या प्रमाणातले प्रारण सापडले, की त्याला एक उष्णतामान असते, मग भट्टी दिसो वा न दिसो.

वेग वेगळा आणि वेगवाढ वेगळी

दुसरी गोष्ट गतीची. एस.टी. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालली असली, तर डोळे मिटून बसलेल्या प्रवाशाला ती चालली आहे की उभी आहे हे कळू नये. गॅलिलिओने १६३२ साली जहाजाचे उदाहरण देऊन हेच सांगितले होते. पण गाडी सुटताना उभा प्रवासी मागे जातो, आणि ब्रेक लागला की पुढे येतो. म्हणजे वेग कळत नाही. वेगातला बदल अंगाला कळतो. या बदलाला त्वरण म्हणतात. जे एकसारख्या वेगाने चालले आहेत त्यांना रिकामी जागा सारखीच रिकामी वाटते; त्यांच्यात मतभेद नाही. मतभेद होतो तो त्वरणात असलेल्याशी.

रिकामी जागा किती रिकामी?

तिसरी गोष्ट जरा कठीण आहे, म्हणून सावकाश घेऊ. आजच्या भौतिकीत कण हा मूळचा नाही, क्षेत्र मूळचे आहे. क्षेत्र म्हणजे सर्व जागेत ताणून बसवलेल्या तारांसारखे समजा. तार छेडली की कण आहे, तार शांत असली की कण नाही. पण हायझेनबर्गने १९२७ साली जो नियम मांडला, त्यानुसार कोणतीही तार पूर्णपणे, निपचित शांत राहू शकत नाही. अगदी खालच्या अवस्थेतही तिच्यात थोडा थरथराट उरतोच. आपण जिला पोकळी म्हणतो, ती म्हणजे सर्व तारा या किमान थरथराटावर असण्याची अवस्था. ही नुसती कल्पना नव्हे. दोन धातूचे पत्रे निर्वातात अत्यंत जवळ आणले, तर या थरथराटामुळे ते एकमेकांकडे ओढले जातील, असे हॉलंडच्या काझिमिरने १९४८ साली गणिताने दाखवले, आणि १९९७ साली अमेरिकेत लामोरो याने ती ओढ चांगल्या अचूकपणे मोजली.

या थरथराटात आणखी एक गुण आहे, आणि आजच्या विषयाचे मर्म त्यात आहे. एका ठिकाणचा थरथराट आणि दूरच्या ठिकाणचा थरथराट हे परस्परांपासून तुटलेले नसतात. त्यांच्यात जोड असते. दुकानाच्या वहीत एका पानावर नावे असते आणि समोरच्या पानावर त्याच रकमेची जमा असते, तसे. दोन्ही पाने मिळून बेरीज शून्य येते. सगळी वही ज्याच्या हातात आहे तो म्हणतो, “येथे शिल्लक काहीच नाही.”

अर्धी वही

आता त्वरणात असलेल्या प्रवाशाकडे वळू. त्याचे यान अखंड वेग वाढवीत आहे. त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जवळ जात राहतो, पण प्रकाशाला गाठत नाही. त्याच्या मागे पुरेशा अंतरावरून कोणी दिव्याचा किरण सोडला, तर तो किरण त्याला कधीही गाठू शकत नाही. किरण वेगाने नेहमीच अधिक आहे. पण दोघांच्या वेगांतला फरक असा भराभर घटत जातो, की मधले अंतर संपतच नाही. म्हणजे प्रवाशाच्या मागे एक सीमा आहे, जिच्या पलीकडून त्याला, तो वेग वाढवीत आहे तोवर, कसलीही बातमी येणार नाही. तिला क्षितिज म्हणतात. हातातून सुटलेला दगड ज्या त्वरणाने खाली येतो, त्याच त्वरणाने यान चालले असेल, तर हे क्षितिज मागे सुमारे एक प्रकाशवर्षावर असते. त्वरण जितके जास्त, तितके क्षितिज जवळ. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत अध्यापन केलेल्या वोल्फगांग रिंडलरने १९६६ साली या प्रवाशाच्या जगाचा नकाशा नीट काढून दिला.

क्षितिजाने काय केले? वही मधोमध फाडली. जमेचे पान प्रवाशाजवळ राहिले, नावेचे पलीकडे गेले. ज्याच्या हाती अर्धीच वही आहे त्याला बेरीज शून्य दिसत नाही. त्याला नोंदीच नोंदी दिसतात. स्वस्थ तरंगणारा ज्या अवस्थेला शिल्लक नाही म्हणतो, तीच अवस्था प्रवाशाला कणांनी भरलेली दिसते.

पण उपमा येथवरच चालते. अर्ध्या वहीत नुसता गोंधळ दिसावा. भट्टीसारखी शिस्तशीर ऊब का दिसावी? त्याचे कारण असे. दूर जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी जशी खालच्या स्वरात ऐकू येते, तशा मागून येणाऱ्या लहरी प्रवाशाला ताणलेल्या मिळतात. त्याचा वेग सारखा वाढत असल्यामुळे हे ताणणे एकदा होऊन थांबत नाही. त्याच्या घड्याळाने मोजलेल्या प्रत्येक समान काळात लहरी तितक्याच पटीने ताणल्या जातात. सावकाराचे चक्रवाढ व्याज जसे वाढते, तसे. पोकळीचा किमान थरथराट या चक्रवाढीतून गेला, की गणिताने जे प्रमाण निघते ते हुबेहूब प्लांकचे प्रमाण असते. रंगांचा एकही वाटा कमी नाही, एकही जास्त नाही. म्हणून आम्ही याला भास म्हणण्यास तयार नाही. भास असा पैपैचा हिशेब देत नाही.

हे कोणी शोधले, आणि किती ऊब?

१९७३ साली अमेरिकेच्या स्टीफन फुलिंगने दाखवले, की त्वरणात असलेल्याची ‘पोकळी’ आणि स्वस्थ असलेल्याची ‘पोकळी’ या एकच नव्हेत. १९७४ साली केंब्रिजच्या स्टीफन हॉकिंगने कृष्णविवरातूनही औष्णिक प्रारण बाहेर पडते असे जाहीर करून सर्वांना चकित केले. १९७५ साली इंग्लंडच्या पॉल डेव्हिसने त्वरणाच्या उबेचे उष्णतामान काढले. आणि १९७६ साली कॅनडाच्या विल्यम अन्रू याने हॉकिंगचा निष्कर्ष समजून घेता घेता प्रश्न अगदी जमिनीवर आणला. त्याने विचारले, की कण म्हणजे काय यावर वाद घालण्यापेक्षा, प्रवाशाच्या हातातले यंत्र काय नोंद करील तेवढे सांगा. कामगाराला पटावा असा हा प्रश्न आहे.

उत्तर साधे आहे. उष्णतामान त्वरणाच्या प्रमाणात असते. त्वरण दुप्पट, तर ऊब दुप्पट. पण ही ऊब किती? दगड ज्या त्वरणाने पडतो, त्या त्वरणाला एका अंशाचे पंचवीस अब्ज गुणिले अब्ज भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा, इतकी. २०२१ साली जर्मनीत ब्रेमेन येथे शास्त्रज्ञांनी वायूचे अणू एका अंशाच्या ३८ लाखकोट्यांश भागापर्यंत थंड केले. आपली ही ऊब त्याहूनही सुमारे शंभर कोटी पटींनी लहान आहे. उलट, पुरा एक अंश ऊब हवी असेल, तर त्वरण दगडाच्या पंचवीस अब्ज गुणिले अब्ज पट लागेल. कोळसा जाळायचा कशाला, असे विचारणाऱ्या गृहस्थांना अर्धे उत्तर येथेच मिळाले. उरलेले अर्धे त्याहून महत्त्वाचे आहे.

दोन जबान्या, एक घटना

अन्रूच्या यंत्राचे सोपे रूप म्हणजे दोन पायऱ्यांचा अणू. खालच्या पायरीवर असलेला अणू ऊर्जा मिळाली की वरच्या पायरीवर चढतो. त्वरणात चाललेला अणू कधीतरी वर चढतो. प्रवासी म्हणतो, “येथे ऊब आहे. अणूने तिच्यातला एक कण गिळला आणि तो वर चढला.” स्वस्थ तरंगणारा म्हणतो, “येथे गिळण्यासारखे काही नव्हतेच. मला तर असे दिसले, की अणू वर चढताना त्याने उलट एक कण बाहेर टाकला.” एक गिळला म्हणतो, दुसरा टाकला म्हणतो! १९८४ साली अन्रू आणि रॉबर्ट वॉल्ड यांनी बारकाईने तपासून दाखवले, की दोन्ही जबान्या खऱ्या आहेत आणि त्या एकाच घटनेच्या आहेत.

येथे आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका कारखान्यात क्रेनचा तारेचा दोर तुटून रसाची बादली कलंडली. सुदैवाने कोणी दगावले नाही. चौकशीत क्रेनवाला म्हणाला, बादली डावीकडे गेली. खाली उभा असलेला म्हणाला, उजवीकडे. जबान्या जुळत नाहीत, सबब काही सिद्ध होत नाही, असा शेरा मारून साहेब कागद मिटवू लागले. आम्ही म्हटले, “साहेब, दोघांना जागेवर उभे करा.” उभे केले. दोघे समोरासमोर होते. एकाचे डावे ते दुसऱ्याचे उजवे. दोर तुटला याविषयी दोघांत दुमत नव्हते, आणि दोर बदलण्याचा खर्च कोणाचा, हे तर लेखीच होते. जबान्या वेगळ्या आहेत म्हणून घटना घडलीच नाही, असे होत नाही. प्रत्येकजण कोठे उभा आहे ते आधी विचारावे, मग जबान्या जुळवाव्यात.

पोकळीच्या बाबतीतही तेच. अणू वर चढला, याविषयी दोघांचे दुमत नाही. दुमत आहे ते ‘येथे किती कण होते’ याविषयी, आणि कणांची संख्या ही मोजणाऱ्याच्या गतीसापेक्ष गोष्ट आहे एवढेच यातून निघते. माया म्हणणारे गृहस्थ चुकले ते येथे.

आणि खर्च कोणाचा? अणूला चढायला ऊर्जा लागली. स्वस्थ मनुष्याच्या जबानीप्रमाणे बाहेर पडलेल्या कणालाही लागली. ती पोकळीने दिली नाही. अणूचा वेग वाढवीत ठेवण्यासाठी जो त्याला ओढतो आहे, त्याच्या श्रमातून ती आली. यान ओढणाऱ्याने ओढणे थांबवले की ऊबही थांबली. फुकट काहीच मिळाले नाही. दुसऱ्या गृहस्थांचे उरलेले अर्धे उत्तर हे.

पुरावा आहे काय?

असे कोणी विचारील, तर त्याचे स्वागत आहे. सरळ रेषेत वेग वाढवून ही ऊब कोणी मापकाने प्रत्यक्ष मोजलेली नाही. आकडे पाहिले म्हणजे त्याचे कारण कळते. जिनिव्हाच्या संशोधनकेंद्रातील जॉन बेल आणि नॉर्वेचे लाइनास यांनी १९८३ साली सुचवले, की वर्तुळात प्रचंड वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉन हेच मापक म्हणून वापरावेत. इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला लोहचुंबक आहे. अशा वर्तुळात कालांतराने सर्व इलेक्ट्रॉन एका दिशेला तोंड करतील असे वाटते. पण ते जास्तीत जास्त शेकडा ९२ च्या आसपासच जुळतात. उरलेली बेशिस्त ही त्वरणाच्या उबेची नातलग आहे, असे त्यांचे म्हणणे. वर्तुळात फिरणे आणि सरळ रेषेत वेग वाढवणे एकच नव्हे, म्हणून हा पुरावा अप्रत्यक्षच म्हणावा लागतो. २०१९ साली शिकागो विद्यापीठात अतिथंड अणूंच्या समूहात या परिणामाची नक्कल करून दाखवली गेली. नक्कल ती नक्कलच; पण गणिताचा साचा बरोबर आहे, हे तिने दाखवले.

आम्हांस सर्वांत पटलेला युक्तिवाद हिशेबनिसाचा आहे. तो २००१ साली ब्राझीलच्या व्हान्झेला आणि मात्सास यांनी मांडला. मोकळा प्रोटॉन आपण होऊन न्यूट्रॉन होत नाही. पण त्याला प्रचंड त्वरण दिले, तर ओढणाऱ्याच्या ऊर्जेवर तो न्यूट्रॉन होऊ शकतो. त्याला किती वेळ लागेल, हे स्वस्थ उभे राहून मोजता येते. आता प्रोटॉनबरोबर प्रवास करणाऱ्याच्या बाजूने पाहा. त्याच्या दृष्टीने प्रोटॉन स्थिर आहे. मग तो का बदलावा? त्यांनी असे दाखवले, की भोवती अन्रूची ऊब मानली आणि त्या उबेतले कण प्रोटॉनने घेतले असे धरले, तर प्रवाशाचा काळ आणि स्वस्थ मनुष्याचा काळ बरोबर जुळतात. ऊब मानली नाही, तर जुळत नाहीत. दोन वह्यांचा ताळा लागायचा असेल, तर मधली नोंद नाकारता येत नाही.

पुण्याचे एक नाव

या विषयाशी आपल्या महाराष्ट्राचाही संबंध आहे. थिरुवनंतपुरमला १९५७ साली जन्मलेले थानू पद्मनाभन हे प्रथम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि १९९२ पासून पुण्याच्या ‘आयुका’त काम करीत. त्वरणात असलेल्यांना कण कसे दिसतात, या प्रश्नावर त्यांनी तरुणपणापासून लिहिले. पुढे त्यांनी याच उबेतून एक मोठा प्रश्न काढला. जी वस्तू तापते ती सूक्ष्म घटकांची बनलेली असते, हे एकोणिसाव्या शतकात बोल्ट्झमनने आपल्याला शिकवले. मग क्षितिजाला जर उष्णतामान असेल, तर खुद्द अवकाशालाही काही सूक्ष्म घटक असले पाहिजेत काय? आणि गुरुत्वाकर्षण हा त्या घटकांच्या सामुदायिक वागणुकीचा परिणाम असेल काय? अमेरिकेच्या टेड जेकबसनने १९९५ साली या उबेपासून आरंभ करून आइन्स्टाइनची गुरुत्वाची समीकरणे काढून दाखवली होती. पद्मनाभन यांनी तो विचार आपल्या वाटेने पुष्कळ पुढे नेला. १७ सप्टेंबर २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रश्नाचा निकाल लागलेला नाही. पण एकेकट्या कणाच्या अंगी जे नाही ते समुदायाच्या अंगी येते, हा विचार संघटना बांधणाऱ्या माणसाला परका वाटू नये.

श्रोतेहो, आम्ही पुष्कळ वेळ घेतला. घरी जाताना एवढेच बरोबर न्यावे. रिकामे कशाला म्हणायचे हे पाहणाऱ्याच्या गतीवर ठरते. पण जे घडले ते सर्वांना मान्य करावे लागते, आणि ज्याने ओढले त्याच्या खात्यावर खर्च पडतो. यात कोठेही माया नाही आणि फुकट असेही काही नाही. एस.टी. सुटताना उद्या कोणी मागे कलंडला, तर त्याला सावरा. आणि त्या क्षणी, मोजता न येण्याइतकी का होईना, त्याच्या वाट्याला पोकळीची थोडी ऊब आली असेल काय, असा प्रश्न मनाशी जरूर विचारा. उत्तर काढायला अवघड आहे, पण विचारायला भाडे पडत नाही.

शंका असतील त्यांनी आमच्या कचेरीत यावे. आमच्याने उत्तर झाले नाही, तर आपण मिळून वाचनालयात जाऊ.